एका पक्षाची कैफियत

पती-पत्नीच्या वादात एकाच पक्षाचे ऐकून निवाडा देण्यास चर्चच्या न्यायालयालाही मुभा नाही. प्रतिपक्षास पाचारण करावेच लागते. आत्मचरित्राच्या वाचकाला ही सोय नसते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा रेव्हरंड टिळकांना जाऊन पंधरा वर्षे लोटली होती.

टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा वियोग आला. अशा स्त्रीने फिर्यादीचा सूर लावला असता, तर तिला कोण दोष देता? परंतु नवऱ्याचा तापटपणा सांगता सांगता त्या स्वतःच्या सोवळ्या-ओवळ्यालाही मनमुराद हसतात, आणि त्या हसण्यातून गैरहजर टिळकांची बाजू आपसूक ऐकू येते. क्षमा करण्याहूनही हे अवघड, असे आम्हांस वाटते. मुळात या आठवणी मुलाने वडिलांच्या चरित्रासाठी मागितल्या होत्या, हेही ध्यानात घ्यावे.

सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० चे. तेव्हा पु. ल. हयात होते, उत्तरादाखल पुस्तक त्यांनी लिहिले नाही. कित्येक वाचकांनी ते मौन म्हणजे कबुलीच मानली. हा निवाडा आम्हांस उतावळा वाटतो. सुनीताबाईंनी त्याच पुस्तकात स्वतःचीही कठोर उलटतपासणी घेतली आहे. पुलंवर निकाल देणाऱ्यांच्या बोलण्यात ती पाने सहसा येत नाहीत.