टेकलेला पीटर

‘फोटोवरून काढलंय’ असं आपल्याकडे जरा नाक मुरडूनच म्हटलं जातं. फोटोतला माणूस कॅनव्हासवर हुबेहूब उतरवला की झालं, असा त्यामागचा समज. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनीचं ‘पीटर गेटिंग आऊट ऑफ निक्स पूल’ (१९६६) हे अ‍ॅक्रिलिकमधलं चित्रही फोटोवरूनच काढलेलं आहे. आणि फोटोतलं किती घ्यायचं, किती सोडायचं याचा तो वस्तुपाठ आहे.

लॉस एंजेलिस. कलाविक्रेता निक वाइल्डर याच्या घरचा पोहण्याचा तलाव. त्यातून पीटर श्लेसिंजर बाहेर येतोय, विवस्त्र, आपल्याकडे पाठ करून. त्याच वर्षी हॉकनी तिथल्या विद्यापीठात शिकवत असताना दोघांची ओळख झाली आणि पीटर त्याचा प्रियकर झाला. गंमत अशी, की पीटर असा तलावातून निघत असतानाचा फोटो नव्हताच. होता तो त्याच्या मोटारीच्या बॉनेटला टेकून उभा असल्याचा. हॉकनीनं मोटार काढून टाकली आणि तलावाचा काठ तिथे आणून ठेवला.

हे कळल्यावर चित्र पुन्हा बघावं. पाण्यातून अंग वर उचलणाऱ्या माणसाच्या खांद्यांवर ताण येतो, पाणी निथळतं, भोवताली खळबळ होते. इथे त्यातलं काहीच नाही. हातांवर भार आहे तो नुसता रेलण्याचा. शरीरशास्त्राच्या मास्तरांनी इथे लाल पेन्सिल काढली असती. मला मात्र हा आळसावलेला भार चित्राचा प्राण वाटतो. मॉडेलला दमवलेलं नाही. त्याला निवांत न्याहाळलेलं आहे. शीर्षक म्हणतं ‘बाहेर येतोय’, चित्र म्हणतं ‘थांब जरा’.

हाताळणीतला भेद तर फारच चतुर आहे. शरीराला गोलाई आहे, छायाप्रकाश आहे. फोटोचं ऋण तेवढ्यापुरतं. बाकी सगळी खुणांची भाषा. पाणी म्हणजे सपाट निळ्यावर वळसे घेत जाणाऱ्या पांढऱ्या रेघा. मागच्या घराची काच म्हणजे तिरप्या समांतर रेघा, जाहिरातींतले चित्रकार चकाकी दाखवायला मारतात तशा. एकाच कॅनव्हासवर हाडामांसाचा माणूस आणि चिन्हांचं जग! ही सरमिसळ कच्च्या हातात हास्यास्पद झाली असती. इथे तिच्यामुळेच नजर फिरून फिरून पीटरकडे येते, कारण ऊब आहे ती तेवढ्याच जागी.

रंगाच्या स्वभावाचाही यात वाटा आहे. १९६४मध्ये कॅलिफोर्नियाला आल्यावर हॉकनी तेलरंग सोडून अ‍ॅक्रिलिककडे वळला. अ‍ॅक्रिलिक झपाट्यानं वाळतं. ओल्यात ओला रंग मिसळून मऊ छटा घोळवत बसायला ते उसंत देत नाही. उलट स्वच्छ कडा आणि एकसंध सपाट पृष्ठ त्यात सहज साधतं. तिथल्या लख्ख, बिनधुक्याच्या उन्हाला हे फार मानवलं. त्वचेच्या छटांना मात्र हाच रंग अडवतो. पाठीवरचं काम म्हणूनच बारकाईनं बघण्यासारखं आहे.

चित्र चौरस आहे, सुमारे सात-सात फुटांचं, आणि भोवती पोलरॉइड फोटोला असते तशी पांढुरकी पट्टी. म्हणजे जो फोटो कधी काढलाच गेला नाही, त्याची चौकटसुद्धा रंगवून दिली! नावंही बघा: पीटर, निक. आडनावं नाहीत. अल्बममधल्या फोटोमागे घरचं माणूस लिहितं तसं. चेहरा न दाखवणाऱ्या चित्राला व्यक्तिचित्र म्हणावं का, असं कुणी विचारेल. पण पाठमोऱ्या माणसाला ओळखायला त्याच्याशी सलगी लागते, आणि हॉकनी ती सलगी लपवत नाही.

१९६७मध्ये या चित्राला लिव्हरपूलमध्ये जॉन मूर्स पारितोषिक मिळालं. इंग्लंड-वेल्समध्ये प्रौढ पुरुषांमधले खासगीतले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून वगळले गेले, तेही त्याच वर्षी. चित्र त्याआधीच रंगवून झालं होतं.