पोताचे वचन : व्हिडिओ गेममधील जमीन

व्हिडिओ गेमबद्दल आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा व्यसन, हिंसा किंवा व्यवसाय या अंगाने. त्यातील कथानकाची दखल कधीमधी घेतली जाते. ज्या जमिनीवर ते घडते तिची जवळपास कधीच नाही. वास्तविक खेळणाऱ्याचा कितीतरी वेळ या जमिनीवर चालण्यात, चढण्यात आणि घसरण्यात जातो. म्हणून ती कशी घडवली जाते आणि त्या घडणीत कोणती दृष्टी दडलेली असते, हा समीक्षेचा प्रश्न ठरतो.

ही घडण सामान्यतः दोन टप्प्यांत होते : आधी आकार, मग पोत. आकारासाठी हाइटमॅप वापरतात. ते करड्या छटांचे एक चित्र असते. काळा ठिपका म्हणजे सखल जागा, पांढरा म्हणजे उंच. ८ बिटांच्या चित्रात छटा अवघ्या २५६, त्यामुळे उताराला नको तिथे पायऱ्या पडतात. १६ बिटांत त्या ६५,५३६ होतात आणि उतार सलग दिसतो. पण एका ठिपक्याला उंची एकच, ही मर्यादा दोन्हीकडे उरतेच. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आत वळलेला आहे. तिथे एकाच जागी वर खडक आणि खाली पोकळी. असा कडा हाइटमॅपला काढता येत नाही. तो स्वतंत्र शिळा म्हणून घडवून नंतर बसवावा लागतो. गुहेचेही तेच.

उंचसखलपणा हाताने आणता येतो किंवा गणिताने. केन पर्लिन यांनी १९८२च्या ‘ट्रॉन’ या चित्रपटावर काम केल्यानंतर, संगणकी चित्रांच्या यांत्रिक गुळगुळीतपणाला उत्तर म्हणून ‘नॉइज’ची रीत शोधली आणि १९८५ मध्ये ती प्रसिद्ध केली. आजही असंख्य गेममधल्या डोंगरांच्या मुळाशी तीच आहे. मात्र नुसत्या नॉइजच्या डोंगराला पाऊस ठाऊक नसतो. त्याच्या घळी कुठेही सुरू होतात आणि कुठेही संपतात. मस्ग्रेव्ह, कोल्ब आणि मेस यांनी १९८९ मध्ये अशा डोंगरांवर पाण्याची धूप गणिताने घडवून दाखवली. डोंगराला इतिहास लागतो, याची ती कबुलीच होती.

पोताचा प्रश्न याहून अवघड आहे. निसर्गात आकार आणि पोत एकाच कारणातून येतात. महाराष्ट्रातला सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा आहे, कारण लाव्हाचे थर एकावर एक साचले; टणक थराचा कडा झाला, ठिसूळ थराचा उतार झाला आणि त्या उतारावर माती धरली, झाडी आली. गेममध्ये पोत नंतर रंगवला जातो. गवत, माती, मुरूम, खडक यांच्या चौकोनी फरशा तयार करतात आणि कुठे कोणती किती दाट दिसावी हे दुसऱ्या एका चित्रात नोंदवतात. पुष्कळदा नियमच लावलेला असतो : सपाटीला गवत, चढाला खडक. वरून पसरलेली फरशी कड्यावर ताणली जाते आणि खडक ओघळल्यासारखा दिसतो. मग तीन दिशांनी पोत पाडून तो सांधतात. हे कसब खरे, पण ते डोळ्यापुरते. पोताची खरी परीक्षा पाय घेतात. पोत हे एक वचन असते : इथे पाऊल ठरेल, इथे निसटेल. ते पाळले जाते का, हे पाहावे.

निन्टेंडोच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने (२०१७) ते साधेपणाने पाळले. तिथला जवळजवळ प्रत्येक कडा चढता येतो. भूमी त्रिकोणी आकारांवर रचल्याचे निर्मात्यांनीच सांगितले आहे : त्रिकोण पलीकडचे लपवतो आणि चढून जावे की वळसा घालावा, हे खेळणाऱ्यावर सोडतो. पाऊस आला की तोच कडा निसरडा होतो. आकार, पोत आणि हवामान तिथे एकमेकांना ओळखतात.

नॉटी डॉगच्या ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ने (२०१७) आपल्या जवळचा प्रदेश घेतला. त्याच्या एका मोठ्या प्रकरणाचे नावच ‘पश्चिम घाट’ आहे. कथेचा धागा होयसळांच्या राज्याशी, म्हणजे कर्नाटकातल्या हळेबीडू-बेलूरशी जोडलेला. पोताचे वचन इथेही पाळले जाते. चिखलाच्या चढावर जीप घसरते, सच्छिद्र दिसणाऱ्या खडकात खिळा रुततो. पण हे वचन फक्त खेळणाऱ्याच्या हातापायांना दिलेले आहे, त्या प्रदेशाला नाही. या घाटात भग्न वास्तू आहेत, धबधबे आहेत, बंदूकधारी आहेत. नांगरलेले शेत नाही, बांध नाही, पाणवठ्याकडे जाणारी वाट नाही. शतकानुशतके माणसांनी कसलेली, गुरांनी तुडवलेली जमीन इथे निव्वळ जंगल आणि अवशेष होऊन बसते. साहसकथेला मोकळे मैदान लागते हे मान्य. पण नाव खऱ्या प्रदेशाचे घेतले, की त्याचे रिकामेपण ही निरागस सोय राहत नाही. हिरवा पोत उत्तम रंगवूनही जमिनीबद्दल खोटे बोलता येते, ते असे.

याउलट कोजिमा प्रॉडक्शन्सच्या ‘डेथ स्ट्रँडिंग’ची (२०१९) भूमी आइसलँडची आठवण देणारी, उघडीबोडकी. नायक हमाल आहे. पाठीवर सामानाची चळत, आणि प्रत्येक दगड तोल घालवायला टपलेला. नदी किती खोल हे उपकरणाच्या रंगीत खुणांवरून वाचायचे आणि मगच पाय टाकायचा. इथले रिकामेपण कथेचेच आहे : माणसे एकमेकांपासून तुटली आहेत. पण या गेमचे मोठेपण त्याहून साध्या गोष्टीत आहे. अनेक खेळणारे एकाच मार्गाने जात राहिले, की तिथला पोत बदलतो, झिजतो, पायवाट उमटते. जो कधी भेटणार नाही, त्याच्या पावलांनी आपला रस्ता सोपा केलेला असतो.

कलाकाराने रंगवलेला पोत आणि चालणाऱ्यांनी घडवलेला पोत यांतला फरक इथे स्पष्ट होतो. पहिल्यात जमीन नेपथ्य असते; दुसऱ्यात ती नोंदवही होते. संगणकाची ताकद वाढेल तसे गवताचे पाते अधिक खरे दिसेलच. त्यासाठी समीक्षेची गरज नाही. समीक्षेने विचारायचे ते वेगळे : या जमिनीवरून आधी कोण गेले, आणि त्याची खूण तिच्यावर उरली आहे का?