शर्यत जिंकलं कोण? ‘कथा’ घरी पुन्हा पाहताना

आज एकाच चित्रपटाबद्दल बोलायचं आहे. सई परांजपे यांचा ‘कथा’, 1983 सालचा. मूळ नाटक मराठी, श. गो. साठे यांचं ‘ससा आणि कासव’. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला होता. तरीही सईंचं नाव निघालं की आपण आधी ‘चश्मे बद्दूर’ म्हणतो. त्या काळातल्या विक्षिप्त विनोदी चित्रपटांचा विषय निघाला की ‘जाने भी दो यारो’. तो तर ‘कथा’च्याच वर्षीचा, आणि नसीरुद्दीन शाह दोन्हींत आहेत. ‘कथा’ आठवते ती तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर, तीही ‘हो, गोड सिनेमा होता’ एवढ्यावर. आमचं भांडण या ‘गोड’ शब्दाशी आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी हा चित्रपट थिएटरात पाहिलेला नाही. आधी दूरदर्शन, मग व्हिडिओ लायब्ररीतली भाड्याची कॅसेट, पुढे व्हीसीडी. व्हीसीडीच्या एका तबकडीवर साधारण सव्वा तास मावायचा, म्हणजे उठून दुसरी लावेपर्यंत घरातलं कोणीतरी जेवायला बसलेलं असायचं. अशा तुकड्यांत पाहिलेल्या चित्रपटातले गमतीचे प्रसंग तेवढे लक्षात राहतात. ‘कथा’ गोड वाटण्यामागे हेही एक कारण असावं. पण घरच्या तबकडीचा एक फायदा आहे. हवं तेव्हा थांबता येतं, मागे जाता येतं आणि मुख्य म्हणजे सगळं पुन्हा पाहता येतं. ‘कथा’ खरी कळते ती दुसऱ्यांदा पाहतानाच.

गोष्ट थोडक्यात सांगतो. मुंबईची चाळ. राजाराम जोशी हा कारकून नोकरीत नुकताच कायम झालेला. शेजारच्या संध्या सबनीसवर त्याचं प्रेम आहे, पण तोंडातून शब्द फुटत नाही. अशात बाशू नावाचा जुना मित्र येऊन त्याच्याच खोलीत मुक्काम ठोकतो. बाशू थापाडा, गोडबोल्या. बघता बघता तो चाळ जिंकतो, बुटांच्या कंपनीत साहेबाची खुशामत करून नोकरी मिळवतो, साहेबाच्या बायकोला आणि मुलीलाही नादी लावतो. संध्याही त्याच्यावर भाळते.

आता भूमिका कुणाला दिल्यात ते बघा. ‘चश्मे बद्दूर’मधला सरळ, अभ्यासू मुलगा म्हणजे फारुख शेख. तेच इथे बाशू. आणि ‘स्पर्श’मध्ये ज्यांचा ताठा आणि राग आपण पाहिला ते नसीरुद्दीन इथे खांदे पाडून, सगळ्यांना ‘हो’ म्हणत वावरतात. हा नुसता गमतीचा उलटफेर नाही. फारुख शेख यांच्या चेहऱ्यावर आपला आधीच विश्वास बसलेला असतो. तेच भांडवल बाशू वापरतो. एखादा नेहमीचा खलनायक घेतला असता तर आपण पहिल्या मिनिटापासून सावध राहिलो असतो.

म्हणून पहिल्यांदा पाहताना आपण बाशूच्या बाजूने हसतो. राजारामची कीव येते, थोडा कंटाळाही येतो. दुसऱ्यांदा बाशूच्या थापा माहीत असतात, मग नजर बाजूला वळते, थापा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे. चाळीत भिंती पातळ, गॅलरी सामायिक, कुणाकडे काय शिजतंय हे सगळ्यांना ठाऊक. तिथे असा माणूस खपतोच कसा? कारण तो प्रत्येकाला हवं ते ऐकवतो. राजाराम सगळ्यांची कामं करतो, पण कुणाचं कौतुक करून त्याला मोठेपणा देत नाही. कामाची सवय होते, स्तुतीची मात्र भूक राहते. चाळ फसत नाही, चाळ स्वतःला फसवून घेते. आणि पहिल्या वेळी हसताना आपणही त्याच गॅलरीत उभे होतो.

चित्रपटात उणिवा नाहीत असं नाही. साहेबाच्या घरातला भाग व्यंगचित्रासारखा ढोबळ आहे आणि लांबतो. चाळीतली बारीक निरीक्षणं तिथे सापडत नाहीत. दुसरी तक्रार गंभीर आहे. दीप्ती नवल यांची संध्या पुष्कळदा दोघांतल्या शर्यतीचं बक्षीस होऊन बसते. बाशू तिला सोडून पसार होतो आणि राजाराम पुढे येतो. म्हणजे तिची इच्छा काय, हे विचारलं कुणी?

हा आक्षेप आम्हाला अर्धा पटतो. अर्धाच, कारण शेवटी लपवाछपवी न करता बोलते ती संध्याच. बाशूशी आपला संबंध आलेला आहे हे ती राजारामला स्वतः सांगते, आणि त्याला त्याने फरक पडत नाही. 1983 साली, चाळीतल्या मध्यमवर्गीय लग्नाच्या गोष्टीत, हे प्रवचन न देता दाखवलंय. आयुष्यभर खाली मान घालणारा माणूस इथे पहिल्यांदा ताठ उभा दिसतो, आवाज न चढवता.

पण म्हणून कासव जिंकलं का? लहानपणीच्या गोष्टीत ससा झोपतो आणि हरतो. इथला ससा झोपत नाही, थांबत नाही, कुणाच्या हातीही लागत नाही. तो निघून जातो, पुढची चाळ शोधायला. कासवाला मिळतं ते ससा शर्यत सोडून गेल्यामुळे. यात कासवाची महती कमी होत नाही, पण ‘सावकाश चाला, जिंकाल’ हा दिलासाही उरत नाही. चित्रपट हसत हसत म्हणतो की चांगुलपणाला बक्षीस मिळेलच असं नाही, आणि ज्याला चांगलं राहायचंय त्याने हे धरूनच चालावं.

याला आपण ‘गोड’ म्हणून बाजूला ठेवलं. 2013 साली ‘चश्मे बद्दूर’ची डिजिटल प्रत दुरुस्त होऊन पुन्हा थिएटरात आली, आणि ते योग्यच झालं. ‘कथा’चं तेवढं कौतुक झालं नाही. तेव्हा जुनी तबकडी कपाटात असेल तर काढा. घरच्यांना सोबत बसवा, आणि या वेळी बाशू बोलत असताना ऐकणाऱ्यांकडे बघा. पाहून झाल्यावर एकमेकांना एकच प्रश्न विचारा: आपल्या घरी, आपल्या ऑफिसात, राजारामचं नाव आपण शेवटचं कधी काढलं?