नरक कुणासाठी राखून ठेवलाय?

ख्रिस्ती धर्म नरकाच्या भीतीवर उभा आहे, ती भीती काढून घ्या, चर्च दुसऱ्या दिवशी ओस पडेल, असं आपले नास्तिक दोस्त बैठकीत छातीठोकपणे सांगतात. गंमत अशी की कर्ण्यावरून ओरडणारा प्रचारकही हेच सांगतो. दोस्तांना त्याची कीव येते आणि प्रचारकाला त्याचं कौतुक वाटतं, एवढाच फरक. गृहीत दोघांचं एकच : माणूस, आणि त्यातही महारामांगाचा माणूस, भ्याल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. नगर जिल्ह्यातल्या आपल्या पणज्या-खापरपणज्या मेल्यानंतरच्या आगीला भिऊन पाण्याखाली मान वाकवून आल्या, असा त्याचा सरळ अर्थ. हा अर्थ तपासल्याशिवाय गिळायचा नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी मूळ कागद बघू. नव्या करारात नरक आहे, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. येशूच्या तोंडी 'गेहेन्ना' हा शब्द येतो, मराठी बायबलात त्याचा नरक झाला. यरुशलेमलगतचं हिन्नोमाचं खोरं, जिथं पूर्वी पोटची पोरं आगीत टाकली जात असं यिर्मया सांगतो, त्याचं हे नाव. पण ज्याच्या पत्रांवर चर्चचं निम्मं धर्मशास्त्र बेतलंय तो पौल हा शब्द एकदाही वापरत नाही. देवाच्या कोपाबद्दल तो बोलतो, पण गेहेन्ना नाही. भीती हाच पाया असता तर पौलानं पायाचा दगड सोडून भिंत कशी रचली?

आणि जिथं नरक आहे तिथं तो कुणाला दाखवलाय तेही बघा. लूकच्या सोळाव्या अध्यायातली श्रीमंताची आणि लाजराची गोष्ट घ्या. श्रीमंत जांभळी वस्त्रं नेसतो, रोज मेजवानी झोडतो. लाजर त्याच्या दाराशी पडलेला, अंगभर फोड, कुत्री येऊन चाटताहेत, मेजावरून पडणाऱ्या तुकड्यांवर डोळा. दोघं मरतात. यातना कुणाच्या वाट्याला? श्रीमंताच्या. त्यानं देव नाकारला होता, भलत्या मूर्ती पुजल्या होत्या, असं गोष्टीत कुठंही नाही. दारातला माणूस त्याला माणूस वाटला नाही, एवढाच गुन्हा. पुढची गंमत आपल्या वस्तीतल्या माणसालाच कळावी अशी आहे. आगीत पडल्यावरही हा श्रीमंत लाजराशी थेट बोलत नाही. अब्राहामाला म्हणतो, त्याला पाणी घेऊन पाठव. ते जमत नाही तर म्हणतो, माझ्या पाच भावांकडं त्याला सांगावा घेऊन पाठव. मयताचा सांगावा घेऊन गावोगाव धावायचं काम गावगाड्यात कुणाचं होतं, ते सांगायला नको. पाटील मेला, नरकात पडला, तरी येसकराला हुकूम सोडायची खोड जात नाही!

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात तर हिशोबाच्या वहीतले रकानेच दिलेत. भुकेल्याला अन्न दिलंस का, तान्हेल्याला पाणी पाजलंस का, उघड्याला पांघरूण घातलंस का, तुरुंगातल्याला भेटलास का. तान्हेल्याला पाणी! महाडच्या तळ्यावर १९२७ साली जे दंडुके घेऊन आले, त्यांनी हा अध्याय वाचला असता तर घाबरायचं कुणी होतं? म्हणजे मूळ गोष्टीत भीती आहे, पण तिचं तोंड वाड्याकडं आहे. पुढं कधीतरी कुणीतरी ते तोंड वस्तीकडं वळवलं.

ते कसं वळलं याचा इतिहास मोठा आहे, दोनचार टप्पे सांगून पुढं जातो. तिसऱ्या शतकातला ओरिजेन, शेवटी सगळेच देवाकडं परत येतील, अशी आशा बाळगून होता. पाचव्या शतकात ऑगस्टिननं 'देवाचं नगर' या ग्रंथात एक अख्खं पुस्तक, एकविसावं, शिक्षा कायमची आहे हे सिद्ध करण्यात खर्ची घातलं. चर्चनं आणि राज्यानं ऑगस्टिन उचलला. ८ जुलै १७४१ ला अमेरिकेत एनफिल्ड गावी जोनाथन एडवर्ड्सनं दिलेलं प्रवचन हे भीतीच्या वक्तृत्वाचा नमुना म्हणून आजही शिकवलं जातं. लोक मध्येच किंचाळत होते म्हणतात. पण ऐकणारे आधीच ख्रिस्ती होते. भीतीनं तिथं नवा विश्वास जन्माला घातला नाही, जुना सैल झालेला आवळला. हा फरक ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

जिथं माणूस खरोखर नवा होता तिथं या भीतीनं काय केलं? फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला, १५४९ ला जपानला पोचला. १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच सांगतो की जपानी ख्रिस्त्यांना एका गोष्टीचं फार दुःख होतं. आमच्या पूर्वजांचं काय? त्यांच्यासाठी दानधर्म केला, प्रार्थना केली तर सुटतील का? झेवियरनं सांगितलं, नाही. ते रडले. म्हणजे नरकाच्या शिकवणीनं ही माणसं ख्रिस्ताकडं ढकलली गेली नाहीत. ती आलीच होती, आणि ही शिकवण त्यांच्या उरावर धोंडा होऊन बसली. तीनशे वर्षांनी आफ्रिकेत नाताळच्या बिशप कोलेन्झोला झुलू लोकांमध्ये काम करताना हाच धोंडा दिसला. १८६१ मध्ये त्यानं रोमकरांस पत्रावर भाष्य लिहिलं, त्यात कायमच्या शिक्षेची कल्पना नाकारली. पुढं बायबलावरचं त्याचं लिखाणही जमेला धरून १८६३ मध्ये केपटाउनला त्याच्यावर पाखंडाचा खटला झाला.

आता आपल्या नगरला येऊ. २०२४ पासून कागदावर अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये इथं ठाणं मांडलं. जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले त्यांत बहुतेक महार आणि मांग. या मिशनमधले रॉबर्ट ॲलन ह्यूम म्हणजे मुंबईत जन्मलेला मिशनऱ्याचा पोरगा, १८७४ पासून इथं काम करणारा. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ह्यूमसाहेब परके नाहीत. हे ह्यूमसाहेब १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत होते. तिथं त्या वेळी एका प्रश्नावर रण पेटलं होतं : ज्यांनी ख्रिस्ताचं नावच कधी ऐकलं नाही आणि जे मेले, ते सरसकट नरकात, की त्यांना मेल्यानंतर एखादी संधी? अँडोव्हरच्या धर्मविद्यालयातले प्राध्यापक संधीच्या बाजूचे. मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड विरोधात. बोर्डाचा धाक असा की ही आशा नुसती मनात बाळगणाऱ्या उमेदवारालाही परदेशी पाठवायचं नाही. कारण उघड बोललं जाई : नरकाची घाई संपली तर मिशनला पैसे कोण देणार आणि जाणार कोण? म्हणजे आपल्या नास्तिक दोस्तांचाच मुद्दा, पण धर्माच्या हापिसातून.

ह्यूम अँडोव्हरचेच विद्यार्थी. तिथल्या सभेत त्यांनी सांगून टाकलं की भारतात काम करणाऱ्याला ही कठोर शिकवण मदत करत नाही, ओझं होते. ते फक्त आशा म्हणत होते, नवा सिद्धांत काही काढत नव्हते. तरी बोर्डाच्या समितीनं त्यांना परत पाठवणं अडवून धरलं. मोठा गदारोळ झाला, शेवटी त्यांना नगरला यायला मिळालं. १८९३ पर्यंत बोर्डाचा हट्टही ढिला पडला. मग काय झालं? चर्च ओस पडलं का? ह्यूम पुढं कित्येक वर्षं नगरला होते, छप्पनच्या दुष्काळातल्या कामाबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळालं, आणि गावोगावच्या मंडळ्या वाढल्या. आपल्या वादाला याहून मोठा प्रयोग कोणता हवा? भीतीची एक कडी ज्याच्या मनातून गळाली होती, त्याच माणसाच्या जिल्ह्यात विश्वास टिकला.

कुणी म्हणेल, ह्यूमनं फक्त न ऐकलेल्यांना सूट मागितली, ऐकून नाकारणाऱ्याला धाक होताच. बरोबर. ही सूट अर्धीच होती. पण ती कुणाला लागू होती ते बघा. ज्यांना गावात शाळा नव्हती, देवळाची पायरी नव्हती, पोथीचा शब्द कानावर पडणंही पाप होतं, त्यांचे बापआजे म्हणजेच न ऐकलेले. ऐकूच दिलं नाही त्याला न ऐकल्याची शिक्षा, हा न्याय मनुस्मृतीला शोभतो. ज्या मिशनऱ्याला इथल्या मातीत राहून हे बोचलं, त्याला ते अमेरिकेतल्या खुर्चीत बसून बोचलं नसतं.

मग आपली माणसं कशाला गेली? शाळेसाठी गेली. साहेब कोर्टात बाजूनं उभा राहील म्हणून गेली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात भाकरीसाठी गेली, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. भुकेल्याला भाकर द्या असं ज्या पुस्तकात लिहिलंय, त्याच्याकडं भाकरीसाठी गेलं तर चुकलं काय? मढी ओढायची, पडीचं मांस खायचं, सावली सांभाळून चालायचं असं ज्याचं रोजचं जिणं, त्याला मेल्यानंतरच्या नरकाची कसली नवलाई? तो नरकात राहूनच आला होता. त्याला कुणी शेजारी बसवलं, नाव विचारलं, पोराच्या हातात पाटी दिली, याची नवलाई होती.

वरच्या जातींतून आलेल्यांच्या लिखाणातही भीती मध्यभागी नाही. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' (१८५७) विधवांच्या हालांवर उभं आहे. पंडिता रमाबाईंना इंग्लंडात फुलहॅमला 'पतित' म्हणून टाकलेल्या बायांना जवळ घेणाऱ्या जोगिणी दिसल्या आणि त्यांचं मन वळलं. शास्त्रांत बाई आणि शूद्र दोघांनाही मोक्षाचं दार बंद, हे त्यांचं मूळ दुखणं होतं. लक्ष्मीबाई टिळकांच्या मनातून आधी जात गेली, मग ख्रिस्त आला. पण इथंच माझी तक्रार आहे. मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटलं की हीच नावं. ज्या महारामांगांनी मंडळ्या भरल्या, त्यांनी काय मानलं, कशाला भ्याले, कशाला भ्याले नाहीत, हे लिहिलेलं कुठाय? टिळकांच्या अभंगावर पीएचड्या होतात. मांगवाड्यातल्या म्हातारीच्या प्रार्थनेवर दोन ओळी नाहीत. आणि आपलं दलित साहित्य? ख्रिस्ती दलित हा त्यातही वेशीबाहेरचाच. पुरावा गोळा न करताच आपण 'ते भिऊन गेले' असा निकाल देऊन टाकलाय.

आता दुसरी बाजू सोडली तर हे लिखाण वकिली होईल. भीती पाया नसली तरी कुंपण म्हणून तिचा वापर झाला. एनफिल्डला झाला तोच. आत आलेल्याला आत ठेवायला, पाळकापुढं मान खाली ठेवायला, प्रश्न विचारणाऱ्या पोराला गप्प करायला नरक कामाला लावला. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिलेला लेख सरकारनं १९८९ मध्ये पाचव्या खंडात छापला. त्यातला मुद्दा मर्मावर बोट ठेवतो : हिंदू होता तेव्हा त्याला सांगितलं, तुझी दशा तुझ्या कर्मानं झाली. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं, पूर्वजाच्या पापानं झाली. दोन्हीकडं गुन्हेगार तोच. गावगाडा, पाटील, जोशी कुठल्याच वहीत नाहीत. असं असताना त्याच्या पुढ्यात आणखी नरकही ठेवायचा, हा छळ आहे. आणि आपण बौद्धांनीही फार हसू नये. पाली ग्रंथांत निरय आहेत, त्यातल्या यातनांची वर्णनं आहेत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना बाबासाहेबांनी गेल्या जन्माच्या कर्माचं हे ओझं बाजूला काढलं, म्हणून आपण मोकळे झालो. धम्म त्यामुळं कोसळला नाही. ख्रिस्ती मित्रांनाही असं करता येणार नाही, असं कोण म्हणतो?

आणखी एक साधा हिशोब मांडा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती बाहेर राहिले. म्हणजे मेल्यावरची शिक्षा राहू द्या, ख्रिस्ती राहण्याची शिक्षा इथं रोकडी होती : शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही, आणि जात तर गावात चिकटलेलीच. भीतीवरच चालणारा माणूस असता तर या डोळ्यांदेखतच्या शिक्षेला भिऊन कधीच नाव बदलून आला असता. काही आले, त्यांना दोष नाही. पण जे राहिले ते कशाच्या जोरावर राहिले, याचं उत्तर 'नरक' असं देणं हा त्यांचा अपमान आहे.

माझ्या मते ते उत्तर लाजराच्या गोष्टीतच आहे. गरीब माणूस ती गोष्ट ऐकतो तेव्हा भीत नाही. त्याला वाटतं, कुठंतरी हिशोब होतो. २५ डिसेंबर १९६८ ला, ऐन नाताळच्या रात्री, तंजावर जिल्ह्यात किळवेण्मणी गावी चव्वेचाळीस दलित एका झोपडीत कोंडून जाळले. मजुरी वाढवून मागितली होती. जमीनदार हायकोर्टातून निर्दोष सुटले. आग कुणी लावली आणि आगीत कोण गेलं? हे ऐकून ज्याला वाटतं की या माणसांचा न्याय कुठंतरी झालाच पाहिजे, त्याला भित्रा म्हणायचं? ही न्यायाची भूक आहे. नास्तिकालाही असते, बौद्धालाही असते.

धोका वेगळा आहे. तो हिशोब मेल्यानंतरवर ढकलला की जमीनदार निवांत झोपतो. चर्चमध्ये वर्गणीही देतो. म्हणून भीती घालायचीच असेल तर लूकनं घातली तिथं घाला. वाड्याच्या दारात उभं राहून लाजराची गोष्ट मोठ्यानं वाचा. पाळकांनी एकदा करून बघावं. वस्तीतली माणसं चर्च सोडून जातात, की पुढच्या बाकावरचे वर्गणीदार, ते त्याच रविवारी कळेल.