प्रकाशाहून वेगवान प्रवास : दोन कादंबऱ्या

विज्ञान कादंबरीतील भौतिकी खरी की खोटी, एवढ्यावरच आपली समीक्षा बहुधा थांबते. हा निकष अपुरा आहे. सापेक्षता सिद्धांतानुसार प्रकाशाहून वेगवान संदेश शक्य मानला, तर काही निरीक्षकांना परिणाम कारणाच्या आधी घडलेला दिसेल. ही किंमत लेखक कोणाकडून वसूल करतो, हा खरा प्रश्न.

कार्ल सेगन यांनी 'कॉन्टॅक्ट'साठी (१९८५) प्रथम कृष्णविवर योजिले होते. किप थॉर्न यांनी त्याऐवजी कृमिविवर सुचविले. त्या विचारातूनच मॉरिस व थॉर्न यांचा १९८८ चा शोधनिबंध आला. असे विवर खुले राहण्यास ऋण ऊर्जेचे द्रव्य लागते आणि त्यापासून कालयंत्रही होऊ शकते, हे त्याच वर्षी पुढे आले. कादंबरीने शास्त्राला प्रश्न पुरवावा, हे क्वचितच घडते. मात्र खुद्द कादंबरीत एली अ‍ॅरोवे आकाशगंगेच्या केंद्रापर्यंत जाऊन येते आणि पृथ्वीवरील लोकांना यंत्र हललेलेही दिसत नाही. कालाच्या या विसंगतीचा मुख्य उपयोग पुरावा नाहीसा करून श्रद्धेचा प्रश्न उभा करण्यासाठी होतो. कार्यकारणाचा पेच मागे पडतो.

जो हॉल्डमन यांच्या 'द फॉरएव्हर वॉर'मधील (१९७४) कोलॅप्सारची उडी शास्त्रदृष्ट्या ढोबळच. पण त्या ताऱ्यापर्यंतचा प्रवास प्रकाशाच्या वेगानजीक होतो, म्हणून सैनिक मॅन्डेला परततो तेव्हा पृथ्वीवर शतके लोटलेली असतात. भाषा, नीती, कुटुंब सारेच परके. व्हिएतनामहून परतलेल्या लेखकाने ती किंमत सैनिकाच्याच आयुष्यातून वसूल केली आहे.