प्रलेखनाची बांधणी आणि अर्थाची पडताळणी : वाईच्या विश्वकोशाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
मुक्त स्रोत संगणक प्रणालींची चिकित्सा बहुधा त्यांच्या आज्ञावलीपुरती मर्यादित राहते. त्यांच्या प्रलेखनाकडे, म्हणजे वापरकर्त्यासाठी लिहिलेल्या माहितीग्रंथाकडे, समीक्षेची दृष्टी क्वचितच वळते. वस्तुतः प्रणाली हाती असणे आणि ती वापरता येणे यांतील अंतर प्रलेखनच भरून काढते. प्रस्तुत लेखात प्रलेखनाच्या बांधणी-पद्धतीचे मराठीच्या दृष्टीने मूल्यमापन केले आहे.

बांधणी आणि पूर्वदर्शन :
पायथॉन भाषेच्या प्रलेखनासाठी निर्माण झालेले व २००८ साली प्रसिद्ध झालेले ‘स्फिंक्स’ हे या क्षेत्रातील प्रातिनिधिक साधन होय. साध्या खुणा घातलेल्या मजकुरापासून संकेतपृष्ठे, पीडीएफ अशी विविध रूपे तयार करणे म्हणजे ‘बांधणी’. ती रूपे प्रसिद्धीपूर्वी स्वतःच्या संगणकावर पाहणे म्हणजे ‘पूर्वदर्शन’. छापखान्यातील कच्च्या मुद्रितांचाच हा नवा अवतार म्हणता येईल. निराधार अंतर्गत संदर्भ व चुकीच्या खुणा बांधणीच्या वेळीच उघड होतात. अशा प्रत्येक इशाऱ्याला दोष मानून बांधणी अयशस्वी ठरविण्याचीही सोय आहे. हा या पद्धतीचा निर्विवाद गुण होय.

मराठीपुढील अडचण :
तथापि ही शिस्त रूपाची आहे, अर्थाची नव्हे. अनुवादित प्रलेखनात एखाद्या परिच्छेदाचा मराठी अनुवाद नसेल, तर त्या जागी मूळ इंग्रजी मजकूर येतो आणि बांधणी यशस्वी ठरते. एकाच ग्रंथात ‘फाइल’ला कोठे ‘धारिका’, तर कोठे ‘संचिका’ म्हटले, तरी साधन आक्षेप घेत नाही. पूर्वदर्शनही एका रूपापुरतेच विश्वसनीय असते. संकेतपृष्ठावर शुद्ध दिसणारी देवनागरी पीडीएफमध्ये उतरेलच असे नाही. त्यासाठी युनिकोड जाणणारी अक्षरजुळणी-यंत्रणा मुद्दाम निवडावी लागते.

वाईचा आदर्श :
या संदर्भात सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली आकारास आलेला मराठी विश्वकोश मार्गदर्शक ठरतो. त्याचा परिभाषा संग्रह १९७३ साली निघाला; पहिला खंड १९७६ साली. आधी संज्ञा, मग नोंदी, हा तो क्रम होय. मुक्त स्रोत प्रकल्पांत हा क्रम बहुधा उलटा असतो: पाने आधी लिहिली जातात आणि शब्दसूची शेवटी जोडली जाते, किंवा जोडलीच जात नाही. अर्थात, छापील खंडातील दोष पुढील आवृत्तीपर्यंत तसाच राहतो, तर प्रलेखन त्याच दिवशी दुरुस्त होऊ शकते, हा नव्या पद्धतीचा लाभ नाकारता येणार नाही.

निष्कर्ष :
बांधणी यशस्वी झाली म्हणून ग्रंथ सिद्ध झाला, असे मानणे सयुक्तिक नाही. महाविद्यालयीन प्रकल्पांत विद्यार्थ्यांकडून मराठी प्रलेखन लिहवून घेताना प्रथम परिभाषा निश्चित करावी, सर्व रूपांचे पूर्वदर्शन घ्यावे आणि प्रकल्पाशी संबंध नसलेल्या विद्यार्थ्याकडून त्यातील प्रत्येक कृती करवून पाहावी. ही अखेरची कसोटी आज तरी माणसानेच घ्यावयाची आहे, आणि गुणदानही तिच्यावरच आधारलेले असावे.