हॉडबॅरोची खाण आणि तिचा कवि

गेलीं पंचवीस-तीस वर्षें आम्हीं महाविद्यालयांत वर्डस्वर्थची कविता शिकविली. डडन नदीवरील त्याची सुनीतमाला १८२० सालीं प्रसिद्ध झाली. ती शिकवितांना डोंगरांतील उगमापासून समुद्रापर्यंत त्या नदीच्या कांठाकांठानें आम्हीं दरवर्षीं नव्या विद्यार्थ्यांस नेलें, आणि नदी सागरास मिळाली कीं पुस्तक मिटलें. जेथें ती मिळते त्या मुखाशीं मिलम नांवाचें एक गांव आहे, त्या गांवाच्या अंगास हॉडबॅरो नांवाची लोखंडाची खाण शतकाहून अधिक काळ चालली, आणि त्या खाणीसही स्वतःचा एक कवि लाभला होता, हें मात्र आम्हांस फार उशिरां कळलें. शिक्षकानें आपलें अज्ञान चारचौघांत सांगूं नये असा संकेत आहे. पण प्रस्तुत लेखाचा उगमच त्या अज्ञानांत असल्यामुळें तें लपविण्यांत अर्थ नाहीं.

आमच्यापुढें सध्यां दोन पुस्तकें आहेत. एक ए. हॅरिस ह्यांचें 'कंबरलंड आयर्न' (१९७०); हॉडबॅरो खाणीची १८५५ ते १९६८ पर्यंतची हकीकत हा त्याचा विषय. दुसरें म्हणजे नॉर्मन निकल्सन ह्याचा 'ए लोकल हॅबिटेशन' (१९७२) हा कवितासंग्रह. एक इतिहासकाराचें, दुसरें कवीचें. कोणत्याही ग्रंथालयांत हीं दोन पुस्तकें एका फळीवर यावयाचीं नाहींत. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पहिल्यांतील हकीकत ठाऊक असल्यावांचून दुसऱ्यांतील एका उत्तम कवितेचा अर्थ नीट लागत नाहीं. इतकेंच नव्हे, तर तो उलटा लागण्याचा संभव आहे. आमच्या हातून तो प्रथम उलटाच लागला.

तेव्हां आधीं खाण. १८५५-५६ च्या सुमारास नॅथॅनिएल केन व जॉन बॅरट ह्या दोघांस येथें हेमटाइट लागलें. बॅरट हा मूळचा कॉर्नवॉलचा, कोनिस्टनच्या तांब्याच्या खाणींत मुरलेला माणूस. हेमटाइट हें तांबडेंलाल खनिज. त्यांत राबणारा माणूस डोक्यापासून पायांपर्यंत तांबडा होऊन वर येई. १८५६ सालींच बेसेमरनें पोलाद करण्याची आपली रीत जाहीर केली. त्या रीतीस फॉस्फरसचा अंश नसलेलें खनिज लागे, आणि कंबरलंडचें हेमटाइट नेमकें तसें होतें. १८६८ सालीं समुद्रकांठालगत प्रचंड सांठा हातीं आला. होबर्न हिल नांवाच्या जुन्या खेड्याखालच्या शेतजमिनींत घरांच्या रांगा उठल्या, भट्ट्या पेटल्या, आणि कॉर्नवॉलच्या बंद पडत चाललेल्या खाणींतून कामकरी कुटुंबें येऊन राहिलीं. पुढें टॉमस व गिल्क्रिस्ट ह्यांनीं फॉस्फरसयुक्त खनिजापासूनही चांगलें पोलाद होतें हें दाखविलें आणि कंबरलंडचा मक्ता संपला. तरी खाण चालूच राहिली.

पण हॉडबॅरोची खरी कथा आहे ती तिच्या भिंतींची. येथें खनिज काढण्याची रीत अशी कीं, वरचा थर काढावयाचा, पोकळीवरची जमीन खचूं द्यावयाची, आणि मग खालच्या थरास हात घालावयाचा. ह्या रीतीनें खनिज जवळजवळ सगळें पदरांत पडतें. मात्र माथ्यावर शेत असेल तर शेत खचतें, आणि समुद्र असेल तर समुद्र आंत येतो. सांठा तर कांठाखालून समुद्राकडे गेलेला! म्हणून १८९० पर्यंत एक भिंत बांधून समुद्र मागें सारला. दहा वर्षें उलटलीं नाहींत तोंच खालच्या पोखरणीनें ती भिंतच खचली. मग १९०० ते १९०५ ह्या पांच वर्षांत तिच्याही बाहेर सव्वा मैल लांबीची दुसरी भिंत उभारली. एका हातानें भिंत बांधावयाची व दुसऱ्या हातानें तिच्या पायाशीं कुदळ चालवावयाची, असा हा व्यवहार होता. १९६८ च्या मार्च महिन्यांत खाण बंद झाली आणि पंप थांबले. जेथून सुमारें अडीच कोटि टन खनिज निघालें तो खळगा पाण्यानें भरला. त्याच वर्षीं मिलमचा लोखंडाचा कारखानाही बंद पडला.

आतां कवि. निकल्सन १९१४ सालीं मिलम येथें जन्मला. बापाचें कपड्यांचें दुकान, आणि दुकानावरच घर. आई लहानपणींच गेली. सोळाव्या वर्षीं क्षय झाला. दूर हॅम्पशरमधील आरोग्यधामांत तो बराच काळ राहिला, आणि परत आल्यावर १९८७ पर्यंतचें, म्हणजे जवळजवळ सगळें, आयुष्य त्यानें त्याच घराच्या माळ्यावरील खोलींत काढलें. टी. एस. एलियट ज्या फेबर संस्थेंत होता तिनें १९४४ सालीं त्याचा 'फाइव्ह रिव्हर्स' प्रसिद्ध केला. १९५४ च्या 'द पॉट जिरेनियम' नंतर मात्र अठरा वर्षें मोठा संग्रह नाहीं, आणि नंतर आला तो 'ए लोकल हॅबिटेशन'. मधल्या काळांत खाण बुडाली होती. खाणीच्या मरणानें कवीची वाचा फुटली असें लिहून टाकण्याचा मोह येथें होतो. तो आम्ही आवरतों. कवितेचा जमाखर्च इतका सोपा नसतो.

ह्या संग्रहांतील 'हॉडबॅरो फ्लडेड' ही ती कविता. तिची चाल जुनी आहे. जेथें पूर्वीं अमुक होतें तेथें आतां तमुक आहे, असें एकामागून एक सांगत जाण्याची ही रीत पडक्या वाड्यांवरील व ओसाड किल्ल्यांवरील कवितांतून आपल्या परिचयाची आहे. जेथें खनिजाच्या ढकलगाड्या धांवत तेथें तळें पसरलें आहे. यंत्रांचे मनोरे पाण्यांत उलटे दिसतात. ज्यांस आपल्याकडे वारकरी म्हणतात ते पाणपक्षी व पाणकोंबड्या तेथें पोहत आहेत. येथपर्यंत वाचलें म्हणजे मन निवतें. माणसानें निसर्गास ओरबाडलें, निसर्गानें आपलें परत घेतलें, पक्षी आले, असा एक समाधानाचा सूर आपण आपल्याच पदरचा तींत घालतों. आजच्या वाचकास तर हा सूर फारच प्रिय. त्यांतून आज तेथें खरोखरीच पक्ष्यांचें अभयस्थान झालें आहे. सुरय पक्षी भिंतीलगतच्या खडीवर घरटीं करतात. मग उलट्या अर्थास साक्षीदारांचीही वाण नाहीं.

इतक्यांत कवितेंत कवीचा काका येतो. त्या पाण्याखालीं, कित्येक वाव खोल, अंगावर खनिजाचा ढिगारा कोसळून हा काका दगावला. हें निकल्सन अशा घरगुती शब्दांत सांगतो कीं, शेजारीण ओट्यावर बसून सांगते आहे असें वाटावें. आक्रोश नाहीं, विशेषण नाहीं. पण त्या चार-दोन ओळींनंतर तळें पूर्वींचें राहत नाहीं. ज्या पाण्यास आपण निसर्गाची भरपाई समजत होतों तें एका माणसाच्या मरणस्थानावरचें झांकण ठरतें.

भिंतीची हकीकत ज्यास ठाऊक आहे तो आणखी एक पाऊल पुढें जाईल. हें तळें निसर्गाचें नव्हेच. निसर्गास मोकळीक असती तर तेथें समुद्र असता! १९०५ ची भिंत अजून समुद्र अडवून उभी आहे म्हणून तिच्या आंत तळें आहे. तळ्याचा आकार खाणीनें दिला, कांठ कंपनीनें बांधला. पाण्यांत उतरणारे पक्षीसुद्धां त्या जुन्या हिशेबाच्या वहींतच उतरत आहेत. तेव्हां खाण गेली व निसर्ग आला असें म्हणणें बरोबर नव्हे. खाण तेथेंच आहे, फक्त तिजवर पाणी आलें आहे.

निकल्सनच्या अधिकाराविषयीं एक शंका कोणीही घेईल, आणि ती घ्यावयास हवी. हा कवि कधींही कामगार म्हणून खाणींत उतरला नाहीं. तो दुकानदाराचा मुलगा. माळ्याच्या खिडकींतून गांव पाहणारा. त्यानें खाणकऱ्यांच्या वतीनें बोलावें कां? आमचें उत्तर असें कीं, तो त्यांच्या वतीनें बोलतच नाहीं. खाणींतला पगार शनिवारीं बापाच्या गल्ल्यांत येई व पगार थांबला कीं गल्ला रिता राही, हें त्यास खिडकींतून दिसत होतें आणि घरांतही भोंवत होतें. 'वेन्सडे अर्ली क्लोझिंग' (१९७५) ह्या आत्मचरित्राचें नांवच दुकानाच्या आठवड्यांतील अर्ध्या सुटीवरून आहे. ज्यास जें दिसलें तें त्यानें तेथूनच सांगितलें, ह्याहून अधिक प्रामाणिकपणा कवीपाशीं मागूं नये.

त्याची मिलमचा कारखाना बंद झाल्यावरील कविता ह्या दृष्टीनें अवश्य वाचावी. वारा कोणीकडला आहे हें पाहण्यास कवि संवयीनें भट्टीच्या धुराड्याकडे मान वळवितो, आणि धूर नसतो. ज्याच्या छातींत क्षयानें घर केलें होतें, ज्यास वैद्यांनीं मोकळ्या हवेंत ठेविलें, तो मनुष्य हवा निर्मळ झाल्याचा आनंद मानण्याऐवजीं धुरासाठीं आकाश शोधतो! ह्या विसंगतींत त्या गांवाचें सारें दुखणें आलें. धूर होता तोंवर चूल होती.

दोषही सांगितला पाहिजे. निकल्सनला भूगर्भशास्त्राची फार ओढ. 'रॉक फेस' (१९४८) पासून तो पुन्हां पुन्हां खडकांकडे, कोट्यवधि वर्षांच्या थरांकडे वळतो. हा त्याचा विशेष खरा, पण कधीं कधीं ती त्याची पळवाटही होते. खडकाच्या मापानें मोजलें तर एका खाणीचीं शंभर-सवाशें वर्षें म्हणजे कांहींच नव्हे. आणि एकदां तें कांहींच नव्हे असें ठरलें कीं कोणी लाभ घेतला व कोणी जीव दिला हा प्रश्नही विरघळून जातो. अशा वेळीं आम्हांस हॅरिसच्या कोरड्या पुस्तकाकडे परत जावेंसें वाटतें. तेथें निदान सालें आहेत. 'हॉडबॅरो फ्लडेड' ह्या दोषांतून सुटली ती काकामुळें. काका खडकाच्या मापानें मोजतां येत नाहीं.

'टु द रिव्हर डडन' ह्या आपल्या जुन्या कवितेंत निकल्सननें नदीस वर्डस्वर्थची आठवण करून दिली आहे, थोडी थट्टेनें आणि पुष्कळ आदरानें. वर्डस्वर्थनें नदी लिहिली तेव्हां खाण नव्हती; त्याजवर दोष नाहीं. दोष आमचा, कारण आम्हीं शिकविलें तेव्हां खाण होऊन, बुडून, तिजवर कविताही झाली होती. येत्या सत्रांत शेवटच्या सुनीतानंतर पुस्तक न मिटतां 'हॉडबॅरो फ्लडेड' वर्गांत वाचावी असें आम्हीं ठरविलें आहे. तास वाढवून मिळणार नाहींत. मधलीं दोन-तीन सुनीतें गाळावीं लागतील. कोणतीं, तें अद्याप ठरलेलें नाहीं.